महिरपी कंस

वेर्ण्याच्या पठारावर आमच्या खिडकीतून बार्ज दिसत नाहीत,
पण त्यांच्या टाक्यांतलं डिझेल मोजणारी सी
आम्ही इथं बसून लिहितो. बारा हजार ओळी.
त्यांतल्या नऊ हजार इरास्मो कुलासोच्या.

तो महिरप खालच्या ओळीवर टाकायचा,
एकटीच, इफच्या बरोब्बर खाली.
"उघडते तिच्याच सरळीत मिटायला हवी, धुमेबाय,
ओळंबा सोडून बघ."
बाप गवंडी होता त्याचा, कुडतरीचा.

मी ओळीच्या शेवटीच उघडते.
स्क्रीनवर मावतात अठ्ठेचाळीस ओळी,
त्यांतल्या अकरा याच्या नुसत्या कंसांनी अडवलेल्या!
शिवाय त्याचा टॅब आठ घरांचा, माझ्या चार स्पेस.
तिसऱ्या लूपपाशी त्याचा कोड उजव्या काठाला टेकला की
मी म्हणायची, वास्को गेलं, आता पडतोय समुद्रात.
"तिसऱ्या लूपात शिरतेसच कशाला?"

पॉइंटरची चांदणी प्रकाराला चिकटवायची की नावाला,
यावर एक अख्खा शुक्रवार गेला.
हुमण निवलं.
कम्पायलर दोघांचंही निमूट गिळत होता.

मग तो पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला गेला, लेकीकडे.
तिथं गोदामात खोकी रचतो.
सरळ रचत असणार.

एका मंगळवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी,
मी फॉरमॅटर चालवला.
चार सेकंद.
सगळ्या महिरपी वर सरकल्या, टॅब विरघळले,
आणि हात लागला त्या प्रत्येक ओळीपुढे
त्याचं नाव जाऊन माझं आलं.
हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

नवा मुलगा, सावर्ड्याचा निहाल, परवा विचारत आला,
"मॅडम, ओहोटीला तुम्ही सात का वजा करता?"
मी?
ओळीपुढे धुमे, मंगळवार, सहा दहा.

स्विंडनला फोन लावला. मागे ट्रॉलीची खडखड.
"वाचून दाखव," म्हणाला.
वाचली. तो हसला,
"ओहोटीला बार्ज चिखलात कलते गो,
टाकी खोटं सांगते."
मग जरा थांबून,
"आणि महिरप? कुठं आहे?"

समोर स्क्रीन उघडी होती.
"खालच्या ओळीवर," मी म्हटलं,
"एकटीच."