शेरा

बाथमने फोनवर एवढंच सांगितलं,
‘दीदी, तीन नंबर की धार पतली है.’
मे महिना. तिघऱ्याचं पाणी इतकं उतरलेलं
की धक्क्याच्या शेवटच्या चार पायऱ्या,
ज्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या,
उन्हात वाळत पडल्या होत्या.

इंजिनाच्या मागून एक बारीक पिचकारी सुटते.
ती अंगठ्यावर टोचली पाहिजे.
आज नुसती ओघळत होती,
लहान मुलाने झोपेत केल्यासारखी.
काटा चारवर. भर वेगात हवा तेरा.

इंगळेकाका म्हणायचे, आधी साक्षीदार तपास.
काट्याची नळी काढून फुंकली: मोकळी.
पिचकारीच्या भोकात तार घातली: मोकळी.
म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

मग जाळी. तिच्यात शेवाळ, गाळ,
वेफर्सच्या पुडीचा चंदेरी कोपरा.
सगळं खरवडलं. काटा पाचवर आला
आणि तिथेच बसला, उपकार केल्यासारखा.

‘चल जाएगी?’ बाथम.
चालेल. धक्क्यापासून वळणापर्यंत चालेल.
पण तीन नंबर बुडणाऱ्यांसाठी राखलेली.
बुडणारा काही वळणाच्या अलीकडे बुडत नाही.
मी पाना मागितला.

पाच बोल्ट. गिअरचा दांडा.
सहावा बोल्ट शेपटीखाली लपलेला.
तो विसरून पहिल्या वर्षी
मी हातोडीने ठोकत बसले होते,
आणि काका काही न बोलता
बेडई आणायला निघून गेले होते.

पंपाचं झाकण उघडलं.
रबराचा पंखा, सहा पाती,
सगळी एकाच कुशीवर निजलेली.
मोजली. पाच.
पुन्हा मोजली.

नवा पंखा डब्यात होता.
बसवून, हात धुऊन, पाचची बस पकडता आली असती.
पण तुटलेलं पातं विरघळत नाही.
ते पाण्याबरोबर वर चढतं
आणि जिथे वाट अरुंद होते तिथे मुक्काम करतं.

थर्मोस्टॅट काढून चहाच्या पातेल्यात सोडला.
बाथमचा धाकटा स्टोव्हपाशी उकिडवा बसून बघत राहिला.
साठ अंशांना झडप शिंपल्यासारखी उघडली.
निर्दोष.
त्याच्या रिकाम्या घरात मात्र, आत, कोपऱ्याच्याही पलीकडे,
चिमट्याला काहीतरी मऊ लागलं.
पातं. ओढलं.
त्याच्या मागोमाग
आणखी एक आलं.

लहान, कडक, लवंगेसारखं काळं.
हे या पंख्याचं नव्हतं.

नोंदवही नऊ वर्षं मागे उलटावी लागली.
‘बोट ३. पंखा बदलला. एक तुकडा मिळाला नाही.
दाब बरा. द. इंगळे.’
बाकी प्रत्येक पानावर ‘दाब ठीक’.
इथे ‘बरा’.
त्या शब्दावर पेन जरा थांबलेलं दिसतं,
शाई पसरली आहे.

काका आता दानाओळीत, जिन्याच्या खोलीत.
ऐकू कमी येतं. सून फोन कानाशी धरते.
मी धक्क्यावर उभी राहून ओरडले,
काका, तुमचा तुकडा मिळाला!
‘कुणाचा?’
तीन नंबरचा! पंख्याचा!
बराच वेळ नुसता पंख्याचाच आवाज, छतावरच्या.
मग, ‘कुठे होता?’
थर्मोस्टॅटच्या घरात.
‘तिथे मी पाहिलं होतं,’ काका म्हणाले.
आणि परत, सुनेला सांगत असावेत,
‘तिथे मी पाहिलं होतं गं.’

सहा वाजता इंजिन लावलं.
धार बाथमच्या शर्टवर गेली,
मग त्याच्या धाकट्याच्या, जो मुद्दाम पुढे आला होता.
याच धरणाचं पाणी रात्री माझ्या नळाला येईल,
बादलीभर, एक दिवसाआड.

काटा तेरा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पंखा बदलला. तुकडे दोन, दोन्ही मिळाले. दाब ठीक.
कुठे मिळाले
ते लिहिलं नाही.