मूठभर

आमचा माळ चार एकर, मुरमाड.
मी त्याचे पाच तुकडे केले
बोरीच्या काट्या ओढून.
व्यंकट म्हणाला, भावकीत वाटण्या होतात तशा
गवतालाही करून दिल्यास का?

हसू दे.
दावणीला दोन देवणी, एक लाल कंधारी,
कालवडी दोन,
आणि एक म्हैस, जिला कुंपण मान्य नाही.
एका तुकड्यात आठ दिवस, मग पुढच्यात.
गवत गुडघ्याला लागल्याशिवाय आत सोडायचं नाही.
आणि जमिनीवर मूठ टेकवली
की अंगठ्याच्या वर पातं दिसेना झालं
तर त्याच संध्याकाळी जित्राब बाहेर.
मूठभर राहू द्यावं.
तेवढ्यावर मुळं तगतात.
हे मला कुणी शिकवलं नाही,
बारा वर्षं वाकून बघितलंय.

भादव्यात टाकळा उपटते, फुलायच्या आत,
गाजरगवत हाताला फडकं बांधून.
कुसळी पोटऱ्यात आली की विळ्याला धार.
चार दिवस उशीर झाला
तर कुसळं लुगड्यात, केसांत, गाईच्या हिरड्यांत.
एका साली वानेरीच्या जिभेखालून
मी चिमट्यानं सतरा कुसळं काढली.
ती हलली नाही.
नुसती डोळ्याच्या कडेनं बघत राहिली.
उशीर कुणी केला, तिला ठाऊक होतं.

पाचवा तुकडा बेण्याचा.
मारवेल, पवन्या, थोडा शेडा.
दिवाळीपर्यंत त्याला कुणी तोंड लावायचं नाही,
बी झडू द्यायचं, मग कापणी, मग पेंढ्या.
त्यावरून दर साली भांडण :
"उभं गवत वाळवतीस
आन् सरकी पेंड इकत आणतीस!"

तीन वर्षांमागं
पुतणीच्या बाळंतपणाला परळीला गेले, अकरा दिवस.
एसटीतून उतरले तर फाट्यावरूनच दिसलं,
पाचव्या तुकड्याचा रंग चुकला होता.
काट्या बाजूला ओढलेल्या.
खुरांचे ठसे, आणि गवत मुरमापर्यंत खरवडलेलं,
जसं उलथण्यानं तवा खरवडावा.

व्यंकटनं डेअरीची पावती पुढं केली.
दूध दीड लिटरनं वाढलेलं.
फॅट चार पॉइंट चार.
पावती खरी होती.
मी ती घडी घालून चहाच्या डब्यात ठेवली
आणि भाकरी थापायला बसले.
आठ दिवस मी त्याच्याशी
फक्त "सर" आणि "धर" एवढंच बोलले.

पुढल्या साली तिथं टाकळा आला,
कुसळी आली,
मधे मधे नुसता मुरूम, टकलासारखा.
माघातच गंजी संपली.
कडबा तीस रुपयाला पेंढी,
तीही आतून काळी.
व्यंकट पेंढ्या मोजून घेत होता, मोठ्यानं,
मला ऐकू जाईल असं.
मी काही म्हटलं नाही. डब्यात पावती होतीच.

फक्त मोठ्या धोंड्यामागं
जिथं म्हशीचंही तोंड पोचत नाही
तिथं मारवेलीचा एक थोंब उभा राहिला होता.
मी त्याचं बी तळहातावर चोळलं,
पदरात बांधून आणलं,
आणि वैशाखात शेणमातीत कालवून
गोळ्या वळायला बसले, हरभऱ्याएवढ्या.
व्यंकट आला. शेजारी बसला.
त्यानंही वळल्या.
त्याच्या गोळ्या लाडवाएवढ्या.
तो धारा काढायला गेल्यावर
मी त्या फोडून लहान केल्या.

आता पाचवा तुकडा भरत आलाय,
पुरता नाही, वरच्या कोपऱ्यात अजून दगडच बोलतो.

आज संध्याकाळी
तिसऱ्या तुकड्यात व्यंकट वाकलेला दिसला.
मला वाटलं, पायात काटा मोडला.
तर त्यानं जमिनीवर मूठ टेकवलेली,
मान तिरपी करून पातं बघत होता.
"काढू का गं बाहेर?"

त्याची मूठ माझ्याहून बोटभर मोठी.
माझ्या हिशोबानं
अजून दोन दिवस चाललं असतं.

"काढ," म्हटलं.