चोपन्न नंबर

मंगळवारी पहाटे कामावर आले तेव्हा
जिमच्या मागे सहा गाड्या उभ्या, दिवे विझवलेल्या.
वाटलं, बॉयलर पुन्हा बिघडला असेल.
कुलूप काढलं, सोमवारच्या सरावाचे कपडे
मशीनमध्ये ढकलले
आणि कॉफी ओतून घेतली.

अठरा वर्षं झाली, ओहायो नदीकाठच्या या कॉलेजात
मी खेळाडूंची धुणी धुते.
चेहऱ्याआधी मला नंबर पाठ होतात.
एकवीस रक्त आणतो, कोपराचं.
आठ मोज्यांचे बोळे तसेच टाकतो, सरळ करायचा कंटाळा.
चोपन्न म्हणजे डॅरियस पेटिग्रू,
पलीकडच्या तीरावरच्या बंद काचकारखान्याच्या गावचा.
तो जाळीची पिशवी स्वतः आणून द्यायचा,
तोंडाला दोनदा गाठ मारून.
"मिस व्हर्ना, आज चिखल फार आहे, माफ करा."
चिखलाबद्दल माफी मागणारा
एवढ्या वर्षांत तो एकटाच.

साडेसहाला कळलं. चौघं.
तिघे फुटबॉलचे, एक कुस्तीतला,
वसतिगृहातून अनवाणी बाहेर काढलेले.
दव पडलं होतं.

ज्यानं पकडून दिलं तो पोरगा मी पाहिलेला.
धड मिसरूड नाही, इतिहास शिकतो म्हणायचा.
एकदा पावसात भिजून दारात उभा राहिला
तर मी त्याला टॉवेल दिला.
तो पोलीस निघाला.
सतरा वेळा त्यानं गोळ्या विकत घेतल्या,
सतरा वेळा नोटांचे नंबर टिपून ठेवले.
टॉवेल मात्र परत आणला नाही.

मागच्या वर्षी डॅरियसचा खांदा निखळला
तेव्हा पहिली गोळी टीमच्या डॉक्टरांनीच दिली होती,
कागदी पेल्यातून, वर पाणी.
तेव्हा तिला औषध म्हणत.
त्या शनिवारी तो खेळला.
सगळं गाव उभं राहून ओरडलं.
मीही.

दुपारी कोच हॉलिंग्सवर्थ माइकपुढे म्हणाले,
ही पोरं आमच्या घरातली नव्हेत.
याच माणसानं डॅरियसच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून
पीचचा पाय दोनदा मागून खाल्ला होता
आणि म्हणाला होता, आजपासून हा माझा मुलगा.
मला डॅरियसनंच सांगितलेलं, हसत हसत.
संध्याकाळी कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलं.
चार लॉकर, चार पाट्या.
एका पाटीचा स्क्रू गंजलेला, तो निघेना.

पोलिसांनी मला काही विचारलं नाही.
धुणंवालीला कोण विचारतं?
विचारलं असतं तरी हे सांगितलं नसतं:
ऑक्टोबरात चोपन्नच्या पँटमध्ये,
गुडघ्याच्या पॅडमागे,
मला एक पुडी सापडली. सात निळ्या गोळ्या.
मी त्या बेसिनमध्ये टाकल्या, नळ पूर्ण सोडला.
पँट धुतली, घडी करून पिशवीत ठेवली.
दुसऱ्या दिवशी तो दारात बराच वेळ घुटमळला.
मी साबण मोजत राहिले.
त्याला वाटत असावं मी बोलेन,
मला वाटलं तो बोलेल.

कितीतरी दिवस मी मनाशी म्हणत होते, पोराला वाचवलं.
त्या सात गोळ्यांचे पैसे तो कुणाला लागत होता,
ते फेडायला पुढे काय विकलं,
हे माझ्या डोक्यातही आलं नाही.
सतरापैकी किती वेळा त्यानंतरच्या,
ते मला मोजायचं नाही.

शुक्रवारी त्याची आई आली, नर्सिंग होमच्या गणवेशात,
रात्रपाळीवरून थेट.
मी मोजे दिले, दोन टी-शर्ट, चपला.
तिनं सगळं पिशवीत भरलं,
तोंडाला गाठ मारली, मग आणखी एक.
धुतल्या तांदळासारखं इथे कुणीच नाही, बाई,
असं म्हणायचं होतं मला.
तिनं विचारलं, "एवढंच?"

ड्रायरमध्ये त्याची जर्सी होती, अजून गरम.
ती कॉलेजची मालमत्ता.
सोमवारी नव्या पोराच्या अंगावर जायची होती.

यादीत चोपन्नपुढे मी लिहिलं:
धुताना फाटली.