पट्टा

बोट पालथी आहे दोन जुन्या टायरांवर,
बेहाड्याच्या सावलीत.
सावली सरकते, बोट सरकत नाही,
म्हणून काम दुपारी दोनपर्यंतच.
उन्हात रंग कुंच्यालाच धरून बसतो.

पट्टा निळा होता.
आता हात लावला की बोटांवर येतो, खडूसारखा.
डावीकडे जास्त गेला आहे,
जाळं आम्ही डावीकडून ओढतो,
आणि धरणाखाली गेलेल्या बाभळी
अजून उभ्या आहेत, हात वर करून.

जुन्या रंगाचा टवका नेला होता पवनीला,
चुन्याच्या डबीत. दुसरं काही हाती नव्हतं.
दुकानदाराच्या कार्डावर अठ्ठावीस निळे.
टवक्याला चुना लागलेला,
त्यामुळे जुळला तो जरा फिकाच.
"लोखंडाला की लाकडाला?"
फायबरला, म्हटलं.
त्याने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग मागच्या फळीवरून डबा काढून
बाहीने धूळ पुसली.

सुकरू भाऊजी बांधावरून जाताना थांबले.
"कायले एवढं घासतेस वैनी,
मासोळीले का पट्टा दिसते?"
आणि दोन पावलं पुढे जाऊन,
"जमिनीचा पट्टा भेटला नाई,
तं बोटीवरच मारून रायली का?"
ते हसले. मीही हसले.
मग कागद जरा जोरात चालला.

एकशेवीसचा कागद, मग दोनशेवीसचा,
मग चारशेचा, पाण्यात बुडवून.
निळ्याखाली केशरी निघाला.
केशरीत, पांढऱ्यात, अर्धं अक्षर:
त्ती.

तहसीलची बोट होती तर.
सोसायटीने लिलावात घेतली
तेव्हा कोणी सांगितलं नाही,
आणि मी विचारलं नाही.
पाणी शिरलं त्या वर्षी
अशीच केशरी पट्ट्याची बोट
आली होती समाजमंदिराच्या पायरीपर्यंत.
माणसं घेत होते.
माझ्या तीन शेळ्या घेत नव्हते.
मग मीही बसले नाही.
शाळेच्या स्लॅबवर रात्र काढली,
शेळ्यांच्या मध्ये, ऊब होती.

हीच असेल, नसेलही.
कापडावर थिनर घेतलं, पुसलं.
केशरी गेला. त्ती गेली नाही.

टेप लावताना कळलं
जुनी रेघ सरळ नव्हतीच.
नाकाकडे दोन बोटं वर चढलेली.
रंगवणाऱ्याला कोणी हाक मारली असेल,
किंवा बिडी.
मी सुतळी ताणली, खडू लावला,
टिचकी मारली.
रेघ अशी सरळ उमटली
की बोट तिरपी दिसायला लागली.
टेप काढला. गुंडाळून पुन्हा लावता येत नाही तो,
बारा रुपयांचा गेला.
मग जुन्या रेघेच्या मागेमागेच गेले,
जिथे ती चढली तिथे चढले.

पहिला हात पातळ. दुसरा दुसऱ्या दिवशी.
रंग ओला असतानाच टेप ओढायचा,
उलटा वळवून, हळू,
मरळीचं कातडं काढतो तसा.
घाई केली तर मांस येतं सोबत.
एका जागी आलंच.
माचिसच्या काडीने भरून घेतलं.

वाळायला दोन दिवस, असं डब्यावर लिहिलं होतं.
ते फक्त मी वाचलं होतं.
संध्याकाळी पाणी आणायला गेले तेवढ्यात
तांबडी शेळी टेकून उभी राहिली,
पाठ खाजवली तिने बोटीला, मनसोक्त.
स्लॅबवर होती त्यातल्या एकीची नात.

आता ती गावभर फिरते
कुशीवर निळा पट्टा घेऊन,
माझ्यापेक्षा सरळ.
पोरं तिला सोसायटीचं अध्यक्ष म्हणतात.

आणि बोटीच्या पट्ट्यात, त्तीच्या जरा पुढे,
पाच-सहा तांबडे केस रुतून बसलेत.
नखाने काढायला गेले होते.
एक काढलाही.