एकच कूलर

मनीषनगरचं फाटक ओलांडून, बेशाच्याही पुढे,
जिथे लेआउटचे पिवळे दगड अजून तसेच उभे आहेत
आणि नळ येतो एक दिवसाआड,
तिथे आमचं घर. हॉल, आणि समोरासमोर दोन खोल्या:
एकीत मी आणि गुणवंत,
दुसरीत प्रणिता आणि भाऊजी.
मधोमध कूलर. लोखंडी, चाकांचा,
सासऱ्यांनी घेतलेला.

त्याचं तोंड कोणत्या दाराकडे, हे आई ठरवतात.
ठरवतात म्हणजे बोलत नाहीत.
संध्याकाळी पाणी भरताना
पायानं जरासा सरकवतात,
आणि रात्री दहाला, पंचेचाळीस डिग्रीत,
आम्हाला कळतं आज कोण लाडकं.

वर्ध्याच्या मावशीला फोन लावतात
तो नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून.
"नाई वो कुसुम, मी कोणाले काई म्हणत नाई.
वडाभात खारट झाला तं झाला.
मलेच आता चव नाई राह्यली."
इकडे माझी मोहरी जळते.

मार्चात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
दिवसातून चार वेळा थेंब, ते माझ्याकडे.
हिरवी पट्टी वर करायची,
दोन बोटांनी पापणी उघडायची.
इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं,
आणि त्या दिवसांत त्यांना मी दिसत नव्हते.
एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं.
"तूच वो माही. थे प्रणिता गोड बोलते, पण मन नाई तिले.
माह्या पाटल्या तुलेच. सांगू नको कोणाले."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.
रात्री अंधारात हात वर करून
मी त्या पाटल्या घालून पाहिल्या.
सकाळी प्रणिताने साखर मागितली
तर डबा तिच्याकडे न बघता सरकवला.

एप्रिलात कुरोड्या.
ऊन चढायच्या आत, साडेपाचला गच्चीवर,
जुनं पातळ अंथरून आम्ही दोघी.
चीक घट्ट झाला होता, सोऱ्या दाबायला चार हात लागले.
खाली बघतच प्रणिता म्हणाली,
"ताई, तुम्हाला पण दिल्या का हो पाटल्या?"

हातातली कुरोडी लांबतच गेली,
पातळाची किनार ओलांडून.
"थेंब टाकताना," मी म्हणाले.
"मला पाय चेपताना."

मग आम्ही हसलो.
टाकीला टेकून, तोंडात पदर कोंबून,
शेजारचे धकातेकाका झाडाला पाणी द्यायचे थांबेपर्यंत हसलो.
आणि हसू संपल्यावर
तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.
खाली जाऊन आधी कोण सांगणार,
एवढंच दोघींच्या डोळ्यांत.

रात्री गुणवंतला विचारलं, सहजच विचारल्यासारखं.
"पाटल्या? त्या कुठे आता?
प्लॉटच्या रजिस्ट्रीला गेल्या, बाबा असताना.
तू उभी आहेस ना, त्या त्यांच्यावरच."
आणि कूस बदलून तो झोपला.

मी फरशीकडे पाहत राहिले. पांढरी, ठिपक्यांची.
आईंच्या हातात दोन काचेच्या बांगड्या असतात,
एक जराशी टवका उडालेली.
इतकी वर्षं मी त्या मोजल्या नव्हत्या.
मोजल्या, तरी राग गेला नाही.
फक्त कुठे ठेवावा ते कळेना.

त्या रात्री कूलर प्रणिताच्या दाराकडे होता.
म्हणजे ती आधी बोलली.
किंवा काहीच नाही, नुसता पाय लागला असेल.

बाराच्या सुमारास लेक उठला, घामानं भिजलेला.
फ्रीजमधल्या आंब्याची शेवटची फोड मी त्याला दिली,
त्याचं डोकं पुसलं,
आणि कानाशी वाकून हळूच म्हणाले,
"तूच वो माहा. काकूले सांगू नको."

घरात मी कधी असं बोलत नाही.

हॉलमध्ये कूलरचं पाणी संपलं होतं,
पंप कोरडाच घरघरत होता.
आईंची खाट कुरकुरली.
त्या जाग्या होत्या.