डब्याचा आकार

ऐरोली, सेक्टर आठ. रंगाच्या डब्यातला अनंत
उपडा केला, तर माती नव्हतीच.
नुसती मुळं, डब्याच्याच आकाराची;
तळाचा आकडाही उमटलेला, उलटा.

नर्सरीतले मढवी म्हणाले होते, चिरा. दया नको.
पावाच्या सुरीनं चार उभे काप दिले.
ती सुरी अजून पावाला लावली नाही.

आठवडाभर पानं पिवळी.
खत नाही, ऊन नाही,
वॉशिंग मशीनशेजारी ठेवलाय.
कुंदाताई दारातूनच विचारतात, गेला का?
मी बोट खुपसून ओल बघते, आणि पाणी घालत नाही.
नव्या कुंडीत ऐसपैस जागा आहे,
मुळांना ती अजून खरी वाटत नसावी.

काल रात्री, कपडे वाळत घालताना,
तिसऱ्या पेरापाशी
तांदळाच्या कणीएवढं हिरवं.

दिवा मालवला.
कुणाला सांगितलं नाही.