वयोगट पस्तीस ते चव्वेचाळीस

रुपेर्तो कार्कामो कवळ्या बनवतो.
कास्त्रोच्या बंदरात, मासळीबाजाराच्या माडीवर,
लाकडी जिन्याने तेवीस पायऱ्या.
म्हणजे ज्यांना दात नाहीत
त्यांना आधी गुडघे हवेत.

माझ्याकडे आला तेव्हा हातात
प्लास्टरचा एक जबडा होता, रुमालात गुंडाळलेला.
म्हणाला, मारिसेल, इंटरनेटवर टाक.
सगळ्यांना दाखव.

सगळ्यांना कोणी काही दाखवत नाही, मी म्हटलं,
आणि पडदा त्याच्याकडे वळवला.
हे आपलं बेट. हे भोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ.
यात पासष्टच्या वरची माणसं इतकी थोडी
की यंत्र आकडाही सांगत नाही,
नुसतं म्हणतं, गट फार लहान आहे.

"लहान?" रुपेर्तो म्हणाला.
"रविवारी चर्चमध्ये ये. पुढचे सहा बाक
नुसत्या हिरड्यांनी आमेन म्हणतात."

मग मी वर्तुळ ओढून पार पुएर्तो माँतपर्यंत नेलं
आणि बियाण्याचे बटाटे निवडावेत
तसे वयोगट निवडत बसले.
तेरा ते सतरा: नाच.
अठरा ते चोवीस: बेट सोडायची तिकिटं.
पंचवीस ते चौतीस: बाळं, बाळांवर लाल बदाम.
आणि मग त्या.
स्त्रिया, पस्तीस ते चव्वेचाळीस,
रात्री साडेदहा ते पावणेबारा जाग्या,
दिवसभर कारखान्यात सॅमन कापून बोटं गार पडलेल्या,
दर रविवारी आईला फोन लावणाऱ्या
आणि रविवार चुकला की सोमवारभर गप्प.

कवळी आईला बसेल, मी म्हटलं,
पण विकायची लेकीला.
त्याला पटलं नाही. त्याने जबडा उचलून
दोनदा टकटक वाजवला,
जणू तोच मला उत्तर देणार होता.

अशा ओळी मी रोज लिहिते.
टायरांसाठी, लोकरी मोज्यांसाठी,
एकदा शवपेट्या करणाऱ्यासाठी
(त्याला वयोगट नको होता).
ही अशी लिहिली:
"तोंडावर हात न ठेवता तुमची आई
शेवटची कधी हसली?"
खाली बटण: वेळ ठरवा.
रोजचे दोन हजार पेसो. दहा दिवस.

चौथ्या रात्री, अंथरुणात,
भाचीच्या लग्नाचा फोटो
आणि कुणाचं तरी मांजर, यांच्या मध्ये
माझीच ओळ माझ्यासमोर आली.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं.
स्त्री. एक्केचाळीस. जन्म लेमुय बेटावरचा.
आई अजून तिथेच,
एका फेरीबोटीच्या अंतरावर.
मी आखलेल्या चौकटीत मी नेमकी मावत होते,
कोपरसुद्धा बाहेर नाही.

आई बटाटे सोलताना हसते.
हातात सुरी असली तर सुरीसकट
हात ओठांवर जातो.
मला वाटायचं, लाजते.
मला वाटायचं, सवय.
सहा वर्षं झाली. की आठ?

मी बटण दाबलं.
त्या एका दाबण्याचे एकशे चाळीस पेसो
रुपेर्तोच्या खात्यातून गेले.
त्याला अजून परत केलेले नाहीत.

सकाळी हिशोब दाखवला.
पाहिलं अकराशे जणींनी, दाबलं त्रेसष्ट जणींनी,
वेळ ठरवली नऊ जणींनी.
नऊ म्हटल्यावर तो तोंडभर हसला,
त्याचे स्वतःचे आहेत, सगळे.
मग यादी वाचू लागला, लेकीचं नाव, आईचं नाव, बेट,
आणि सातव्या ओळीवर थांबला.

माझ्याकडे पाहिलं नाही.
कागदाची घडी घालत एवढंच म्हणाला,
लेमुयहून यायचं म्हणजे सकाळची पहिली बोट धरा.
आणि जिन्याचं तिला आधी सांगू नकोस.
मी खाली येऊन थांबतो.